एक, तीन, चार, दोन

आपल्या घरांतून गाडीचं बॉनेट म्हणजे पुरुषांचं स्वयंपाकघर. रविवारी सकाळी ते उघडायचं, दोन-तीन जणांनी भोवती उभं राहून आत डोकावायचं आणि बायकांनी चहा बाहेर नेऊन द्यायचा. कप हातात देताना 'काय झालंय?' असं विचारलं की बहुतेक ठिकाणी 'तुला नाही कळायचं' हे उत्तर ठरलेलं. आमच्या ह्यांचं उत्तर त्यातल्या त्यात बरं होतं. ते म्हणायचे, "सांगेन, पण आत्ता नको. हात काळे आहेत." लग्नाला बत्तीस वर्षं झाली. त्यातली अठ्ठावीस वर्षं हात काळेच होते.

चार वर्षांपूर्वी त्यांना कंपवात झाला आणि हात स्वच्छ राहू लागले. आधी उजवा, मग थोडा डावा. बारीक कामात बोटं अडखळतात. शर्टाची बटणं मी लावू लागले तेव्हा ते काही बोलले नाहीत. पान्यांची पेटी जिन्याखाली सरकवली तेव्हाही नाहीत. पण चिरंजीव बंगळुरूहून फोनवर म्हणाले की बाबा, आता गाडी काढून टाका, तेव्हा त्यांच्या ताटात अर्धी भाकरी राहिली. आमच्या घरात पानात टाकायची रीत नाही.

गाडी म्हणजे 1985 ची प्रीमियर पद्मिनी. दुधी रंगाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली असलेली. मामंजींनी घेतलेली. ते मूळ जिंतूरचे. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता त्या काळात नोकरीसाठी इकडे आले. 1956 च्या नोव्हेंबरात राज्याची वाटणी झाली, गाव तिकडे गेलं, मामंजी काचीगुड्यातच राहिले. गाडी घेतली ती मात्र 'आपल्या माणसाच्या कारखान्याची' म्हणून. आपला माणूस म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद. 1882 चा जन्म, सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातला. 1919 मध्ये सिंधिया ही जहाजांची कंपनी, 1940 मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना आणि 1944 मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स, एवढा व्याप त्या माणसानं इंग्रजांच्या राज्यात उभा केला. 1953 मध्ये ते गेले. इटलीच्या फियाटची 1100 डिलाइट कुर्ल्याच्या कारखान्यातून निघू लागली ती 1964 मध्ये, आणि तिचं नाव पद्मिनी झालं ते 1974 मध्ये. म्हणजे आमची गाडी त्यांनी पाहिलेली नाही. वालचंदांवर आपल्या मंडळांतून भाषणं पुष्कळ होतात. मी स्वतः दोन ऐकली. दोन्हींत दानधर्म होता, इंजिन नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतर ही गाडी अडखळू लागली. सिग्नलला उभी असताना कुथायची, चढावर दोन झटके द्यायची. आमचे जुने मिस्त्री, कुत्बीगुड्यातले चाचा, आता थकले. दुकान बंद करून लेकीकडे निजामाबादला राहतात. जवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली तर तिथल्या पोरानं बॉनेट उघडून पाहिलं आणि मला विचारलं, "आंटी, इसको स्कॅनर कहाँ लगाते?" त्याचा दोष नाही. तो जन्मला तेव्हा पद्मिनी बनायची थांबली होती.

शेवटी ह्यांनी खुर्ची मागितली. खाली पार्किंगमध्ये खुर्ची नेऊन ठेवली, ते बसले आणि म्हणाले, "अगं, ते काळं झाकण दिसतंय ना, ज्यातून पाच जाड वायरी निघाल्यात? दोन्ही बाजूंच्या क्लिपा काढ." क्लिपा निघाल्या. आत एक लहानसा खिट्टीसारखा भाग होता. "तो रोटर. बोटानं आडवा हलवून बघ." तो हलला. फिरायला हवा होता, पण आडवासुद्धा डुगडुगत होता. ह्यांनी मान हलवली. "बुश गेला. त्याचा पण."

मी हसले नाही. ते हसले.

आता ही वस्तू काय आहे ते मला कळलं तसं सांगते, कारण मला ते कळायला बत्तीस वर्षं लागली आणि तुम्हाला पाच मिनिटं लागतील. पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते आणि नेमक्या क्षणी तिथे ठिणगी पडावी लागते. बॅटरी तर बारा व्होल्टची, तिच्या जिवावर प्लगच्या फटीतून ठिणगी उडत नाही. म्हणून बारा व्होल्टचा करंट एका कॉइलमधून सोडतात आणि एकदम तोडतात. तोडला की कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा झटका उठतो. हे तोडण्याचं काम करतात ते पॉइंट, म्हणजे दोन बारीक धातूच्या टिकल्या, मिटणाऱ्या आणि उघडणाऱ्या. आणि उठलेला झटका चौघांपैकी कोणाला द्यायचा, ते ठरवतो फिरणारा रोटर. पॉइंट, रोटर, झाकण, सगळं मिळून डिस्ट्रिब्युटर. पंगतीत वाढणारा एकच आणि पातेलंही एकच, असं समजा. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर हा वाढपी सेकंदाला शंभर वेळा वाढतो. आपण लग्नात चार पंगतींनी दमतो.

पण तो ओळीनं वाढत नाही. एक, दोन, तीन, चार असं नाही. एक, तीन, चार, दोन. मला हे खटकलं. विचारलं तर ह्यांनी चार बोटं उभी धरली, थरथरत होती ती, आणि म्हणाले, पहिला आणि चौथा दट्ट्या जोडीनं वर येतात, दुसरा आणि तिसरा जोडीनं. एक वर असतो तेव्हा चारही वरच असतो, पण त्याची पाळी नसते. म्हणून एकनंतर पाळी जायला हवी ती दोन नाहीतर तीनकडे. ह्या गाडीत ती तीनकडे जाते. उस्मानियाची बी.ए. आहे मी, इतिहास घेऊन. सनावळ्या पाठ आहेत. कुठलाही क्रम पाठ करायच्या आधी त्याचं कारण कोणी सांगितलं, असं फार वेळा झालं नव्हतं.

रोटरच्या खालच्या दांड्याचा बुश झिजला की दांडा डुगडुगतो, पॉइंटमधली फट दर फेऱ्याला कमीजास्त होते, आणि ठिणगी कधी लवकर, कधी उशिरा. इंजिनाला ते सहन होत नाही. बुश बदलायचा म्हणजे डिस्ट्रिब्युटर इंजिनातून उपसून काढावा लागतो. काढणं सोपं, एक बोल्ट सैल केला की निघतो. मेख परत बसवण्यात. तो नेमका त्याच कोनात बसला नाही तर ठिणगी भलत्याच वेळी पडते. फार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी एका मिस्त्रीनं तो खूण न करता उपसला होता. संध्याकाळपर्यंत सायलेन्सरमधून फटाके वाजत होते आणि रात्री आम्ही बसनं घरी आलो, मूल कडेवर घेऊन. चाचा तेव्हापासून प्रत्येकाला बजावत, "निशान लगाये बगैर हात नक्को लगाओ." मलाही एकदा बजावलं होतं, मी नुसता चहा घेऊन उभी होते तरी.

डिसेंबरातला शनिवार होता. आमचं जेवण सूर्यास्ताआधी होतं, आणि डिसेंबरात सूर्य पावणेसहालाच जातो, म्हणून काम दोनला सुरू केलं. आधी पुढच्या चाकापासून बॉनेटपर्यंत गेलेली मुंग्यांची रांग मऊ ब्रशानं वळवली. त्यात वीस मिनिटं गेली. ह्यांनी घड्याळ पाहिलं, बोलले काही नाहीत.

झाकणाच्या वायरींना मी शिवणाच्या डब्यातले दोरे बांधले: पहिलीला लाल, दुसरीला हिरवा, तिसरीला पिवळा, चौथीला पांढरा. मग चारही प्लग काढले, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. रेडिएटरच्या बाजूचा तो पहिला सिलिंडर. त्याच्या प्लगच्या भोकावर मी अंगठा धरला, ह्यांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि वॉचमनला मागून तसूतसूनं ढकलायला सांगितलं. अंगठ्याखाली आधी काहीच नाही. मग आतून हवा दाबत आली आणि अंगठा उचलून फुस्स झाली. "आली? थांब!" हवा दाबून आली म्हणजे पहिला दट्ट्या ठिणगी घ्यायला वर येतोय. तिथून अगदी थोडं पुढे ढकलून खालच्या पुलीवरची खूण इंजिनावरच्या रेषेशी जुळवायची. ही रेषा दट्ट्या अगदी वर पोचण्याच्या किंचित आधीची असते, कारण पेट्रोल पेटायलाही क्षणभर लागतो. कढईत तेल तापायच्या आधी मोहरी टाकत नाही, पण गॅस मात्र आधी लावतो, तसं काहीसं.

रोटरचं टोक आता लाल दोऱ्याच्या वायरीकडे बघत होतं. सूनबाई दिवाळीला विसरून गेलेली नेलपॉलिशची बाटली मी घेऊनच आले होते. डाळिंबी रंग. एक रेघ रोटरच्या टोकासमोर कडेवर. दुसरी रेघ डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरून खाली इंजिनापर्यंत, अशी की अर्धी त्याच्यावर आणि अर्धी इंजिनावर. ह्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मी खडूनं करायचो. हे जास्त टिकेल." नंतर बॅटरीची तार काढली, पॉइंटची वायर सोडवली, बोल्ट सैल केला आणि दोन्ही हातांनी सरळ वर ओढला. तेलात भिजलेला, वितीएवढा, वाटला त्याहून जड. भोकात लगेच जुन्या धोतराचा स्वच्छ बोळा घातला, कारण त्या भोकातून एखादी वॉशर आत पडली तर तिच्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागेल.

बुश कातून द्यायला राणीगंजमधल्या एका लेथवाल्याकडे गेले. एकटीच गेले. त्यानं माझ्यामागे कोणी पुरुष येतोय का ते दारातून पाहिलं. मग दोन दिवसांत देतो म्हणाला आणि अकरा दिवस लावले. पण गनमेटलचा बुश कातला सुरेख, दांड्यावर बसवून फिरवला तर तेलासारखा फिरला.

त्या अकरा दिवसांत एकच नियम होता: इंजिन हलता कामा नये. डिस्ट्रिब्युटर बाहेर असताना इंजिन अर्धा फेरा जरी फिरलं तरी केलेल्या खुणांना अर्थ राहत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा, दार कुलूपबंद, किल्ली माझ्या कमरेला. सातव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. इमारतीला रंग लावायचा होता, परात बांधायची होती, गाडी पलीकडे सरकवा. ह्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, सरकवू या की. न्यूट्रलमध्ये चाकं फिरली तरी इंजिन फिरत नाही. गिअरमध्ये असताना ढकलली तर फिरतं. फक्त आत मी बसेन आणि गिअरच्या दांड्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. दोन पोरांनी ढकललं, मी स्टिअरिंग धरलं, गाडी पंधरा फूट पुढे जाऊन उभी राहिली. वर गॅलरीत हे उभे होते. नंतर जेवताना त्यांनी न विचारता भाकरी वाढून घेतली, एवढंच.

त्याच दिवसांत चिरंजीवांचा पुन्हा फोन आला. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, आई, तुम्ही कशाला अडकता? बरोबरच होतं त्याचं. आताच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नसतोच. प्रत्येक प्लगला आपापली कॉइल, आणि ठिणगी कधी द्यायची ते छोटा कॉम्प्युटर ठरवतो. झिजायला काही नाही, खुणा करायला काही नाही. त्याची गाडी सकाळी बटण दाबलं की सुरू होते आणि मला ती आवडते. पण त्याच्या गाडीत त्याच्या बाबांना करण्यासारखं काही नाही. हे मी त्याला फोनवर सांगितलं, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, पैसे पाठवू का बुशचे? दीडदोन ठिकाणी त्याचा बापच दिसतो त्याच्यात.

'हे बायकांचं काम नाही' असं खालच्या मजल्यावरच्या मावशी मला म्हणाल्या, प्रेमानंच. त्यांना मी बर्था बेन्झची गोष्ट सांगितली, तीच इथेही सांगते. 1888 चा ऑगस्ट. जर्मनीत कार्ल बेन्झनं मोटार तयार केली होती, पण ती दूरवर नेऊन दाखवायची त्याची छाती होत नव्हती. त्याच्या बायकोनं एके सकाळी त्याला न सांगता दोन मुलांना बरोबर घेतलं आणि मानहाइमहून शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्झहाइमला आपल्या आईकडे ती मोटार नेली. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीची वायर उघडी पडली, तिच्यावर मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन मिळालं ते औषधाच्या दुकानात. म्हणजे मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासात इग्निशन दुरुस्त केलं ते माहेरी निघालेल्या बाईनं. मावशी म्हणाल्या, "माहेरी जायचं म्हटल्यावर काय!"

बाराव्या दिवशी बसवायला घेतला. बोळा काढला, डिस्ट्रिब्युटर डाळिंबी रेघेवर रेघ धरून आत सोडला. पहिल्या वेळी तो पूर्ण खाली बसला नाही, करंगळीएवढा वर राहिला. माझा हात दाबायला गेला तसे हे ओरडले, "जबरदस्ती नाही! दातात दात गेला की आपोआप उतरेल." रोटर केसभर इकडे, केसभर तिकडे केला आणि तो उतरला. दोन्ही रेघा जुळल्या.

राहिली पॉइंटची फट. ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी ठेवायची असते आणि मोजायला पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा गेज असतो. हे काम ह्यांना स्वतः करायचं होतं. मी गेज दिला. पट्टी पॉइंटवर टिक टिक टिक आपटत राहिली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. पार्किंगमध्ये दुसरा आवाज नव्हता. मग त्यांनी गेज माझ्या तळहातावर ठेवला, खुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटले.

"पट्टी आत घाल. कशी जाते?"

"सुळकन."

"मग फट जास्त आहे. स्क्रू किंचित आवळ. आता?"

"जातच नाही."

"सोड थोडा. आता?"

मी विचार केला. पोळपाटावर लाटलेला पातळ पापड उचलताना जेवढा धरतो ना, तेवढी धरतेय, असं सांगितलं.

"बास. तिथेच घट्ट कर. धरते पण फाटत नाही, तसंच पाहिजे." इतकी वर्षं मी पापड लाटले आणि ते गेज वापरत होते, आणि दोघांना एकमेकांचा हा अंदाज ठाऊक नव्हता.

टायमिंगसाठी स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी जोडून कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला आणि बॉडीला लावला, बॅटरीची तार जोडली, किल्ली फिरवली. पॉइंट मिटलेले असले की बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. डिस्ट्रिब्युटरचं अंग तसूतसूनं फिरवायचं आणि बल्ब ज्या क्षणी पेटेल तिथे थांबायचं. पेटला तो रेघेपासून जवळजवळ न हलता. नेलपॉलिशवर माझा विश्वास बसला.

प्लग, दोरे बघून वायरी, झाकण. मी स्टार्टर मारला. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा धरली आणि चालू राहिली. हे खुर्चीतून उठून बॉनेटशी आले, कान वाकवून ऐकलं आणि म्हणाले, "किंचित मागे हवाय." बोल्ट अजून आवळायचा होता. त्यांनी स्वतः डिस्ट्रिब्युटरला हात घातला. डॉक्टरांनी सांगितलंय की हात नुसता पडलेला असताना थरथर जास्त असते, काही घट्ट धरलं की कमी होते. तो हात स्थिर होता. किती फिरवलं ते मला दिसलंही नाही, पण आवाज गोल झाला. "आवळ आता," ते म्हणाले. मी आवळला. त्यांच्या बोटांवर काळं लागलं होतं.

पुढच्या रविवारी कुलपाकजीला जाऊन आलो, जाताना ऐंशी किलोमीटर, येताना तेवढेच. गाडी मी चालवली. भोंगीरच्या पुढे हे झोपले, याचा अर्थ इंजिनाचा आवाज ठीक होता.

परतल्यावर राणीगंजला एक कंडेन्सर घ्यायला गेले होते. पॉइंट उघडताना त्यांच्यात ठिणगी उडून ते जळू नयेत म्हणून तो असतो, बोटाच्या पेराएवढा. दुकानदारानं वरच्या फळीवरून धूळ झटकून डबा काढला आणि म्हणाला, "अम्मा, पद्मिनी के दोच बचे." मी दोन्ही घेतले. एक डिकीत आहे, दुसरा शिवणाच्या डब्यात, दोऱ्यांजवळ.